अंगभर मिशा: फ्लोरिडात मॅनटींच्या शेजारी

निघायच्या आदल्या संध्याकाळी कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो होतो. तिथले एक गवळी माझे जुने स्नेही, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून त्या गोठ्यात माझं जाणं-येणं. पंढरपुरी म्हशीची धार काढता काढता त्यांनी विचारलं, "डाक्टरसायब, लेकीकडं निघालासा ते ठीक हाय. पण पाण्यातली म्हस बघायला एवढ्या लांब कशाला? आमची रंकाळ्यात बसत न्हाई व्हय?"

मी हसलो, पण प्रश्न डोक्यात राहिला. बत्तीस वर्षं करवीर, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांत गुरं तपासली. त्यातली निम्मी वर्षं गाभण तपासण्यातच गेली म्हणा ना. खांद्यापर्यंत हात आत, डोळे समोरच्या गोठ्याच्या भिंतीवर, आणि जे काही कळायचं ते बोटांच्या टोकांना. नव्या पोरांना मी सांगायचो, डोळे मिटा, हाताला दिसू द्या. म्हणूनच नातीने व्हिडिओ कॉलवर मॅनटीचा, म्हणजे पाण्यात राहून गवत खाणाऱ्या एका मोठ्या सस्तन प्राण्याचा, फोटो दाखवला तेव्हा माझी नजर आधी तिच्या ओठांवरच्या राठ केसांवर गेली. खाली वाचून दाखवताना लेक म्हणाली, "बाबा, हिला दिसतं कमी. ही सगळं स्पर्शाने ओळखते." त्याच दिवशी ठरलं, यंदा फ्लोरिडाला हिवाळ्यात जायचं.

पहिला दिवस: वीजकेंद्राचा कालवा

टँपाला पोहोचल्यावर दोन दिवस झोपेचं चक्र जाग्यावर येण्यात गेले. जानेवारीतल्या एका सकाळी पारा पाच अंशांवर उतरला आणि लेक म्हणाली, आज निघायलाच हवं. टँपाच्या दक्षिणेला अपोलो बीच इथे बिग बेंड नावाचं मोठं वीजकेंद्र आहे. खाडीचं पाणी यंत्रं थंड करायला आत घेतात आणि कोमट झालेलं पाणी कालव्यातून परत सोडतात. कडाक्याची थंडी पडली की मॅनटी त्या कालव्यात जमतात. १९८६ पासून तिथे लोकांना बघायला गच्ची बांधलेली आहे, आणि तिकीट नाही.

पहिल्यांदा काहीच कळेना. करड्या पाण्यात भिजत घातलेली पोती दिसत होती. मग एका पोत्याच्या टोकाला दोन नाकपुड्या उघडल्या, 'फूस्स' असा आवाज झाला आणि झडप लागावी तशा त्या मिटल्या. एवढंच. ना शिंतोडा, ना खळबळ. सौभाग्यवती कठड्याला धरून म्हणाल्या, "अवो, ही तर आपल्या तळ्यातल्या म्हशीपेक्षा गरीब हाय!"

तिथे काम करणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. मी गुरांचा डॉक्टर आहे कळल्यावर त्यांनी मला सोडलंच नाही. पूर्ण वाढलेली मॅनटी साधारण तीन मीटर लांब, चारशे ते साडेपाचशे किलोची, काही त्याहून बऱ्याच मोठ्या. एवढा देह, पण अंगात चरबीचा थर पातळ आणि शरीराची भट्टी मंद. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं आणि तसंच राहिलं, तर जनावर खायचं थांबतं, कातडीवर व्रण उठतात आणि शेवटी मरतं. म्हणून थंडीत ऊबदार पाणी गाठायचं हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. ती वाट पिल्लू आईमागे पोहत पोहत शिकतं. मला लगेच पावसाळा सरल्यावर घाटमाथ्यावर येणारे धनगर आठवले, वाट कागदावर नसते, पायात असते.

मग मला एक काळजीही वाटली. आईने दाखवलेली ऊब जर वीजकेंद्राची असेल, तर केंद्र बंद पडल्यावर पिल्लानं कुठे जायचं? बाई म्हणाल्या, हाच प्रश्न इथल्या सगळ्यांना पडलेला आहे.

घड्याळ लावून मी दोन श्वासांमधलं अंतर मोजलं. साडेतीन मिनिटं, चार, पुन्हा चार, आणि तळाशी निजलेल्या एकीची अकरा. विश्रांतीत वीस मिनिटांपर्यंतही जातात म्हणे. एका श्वासात फुप्फुसातली जवळजवळ नव्वद टक्के हवा बदलते. माणसाची जेमतेम दहा टक्के.

जाणाऱ्यांसाठी: हे ठिकाण १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल एवढंच उघडं असतं. ऊबदार दिवशी जाऊ नका, मॅनटी खाडीत चरायला गेलेल्या असतात. पाण्यावरची चमक कापणारा काळा चष्मा जवळ असला तर दुप्पट दिसतं.

दुसरा दिवस: क्रिस्टल रिव्हर

टँपाहून उत्तरेला दीड तासाचा रस्ता. वाटेत खायला लेकीने प्लांट सिटीच्या स्ट्रॉबेऱ्या घेतल्या होत्या. तिकडे त्यांचा हंगाम ऐन हिवाळ्यात असतो. महाबळेश्वरची चव जिभेवर असलेल्या माणसाला त्या जरा कमी आंबट वाटतात, पण टोपली संपली.

क्रिस्टल रिव्हर हे छोटंसं गाव, एका टोकाला किंग्ज बे नावाचा उथळ जलाशय. त्याच्या तळाशी सत्तरहून जास्त झरे आहेत आणि त्यांचं पाणी वर्षभर एकाच तापमानाचं, बावीस अंश. इथे माणूस काही करत नाही, जमीनच ऊब देते. १९८३ पासून हा भाग राष्ट्रीय अभयारण्य आहे.

संध्याकाळी धक्क्यावरच्या एका साध्या टपरीत धुरावलेला बोय मासा खाल्ला. बोय आपल्या खाडीतलाही, पण ओकच्या धुरात मंद शिजवलेला तो पहिल्यांदाच. सौंनी पिशवीतून घरची कांदा-लसूण चटणी काढली आणि टपरीवाल्या आजोबांनाही चिमूटभर दिली. त्यांचे डोळे भरून आले, तरी पुन्हा हात पुढे केला. त्यांनीच सांगितलं की या जलाशयाच्या तळाशी मधल्या काळात शेवाळाचा काळा गाळ माजला होता, पाणगवत गेलं होतं. तो गाळ उपसून हाताने एकेक रोप पुन्हा लावलं. "आता माझ्या लहानपणीसारखं तळ दिसतो," म्हणाले. रोप लावणीचं काम, तेही पाण्याखाली! आमच्या भुदरगडच्या बायकांना हे सांगायला हवं, असं वाटून गेलं.

गवत किती महत्त्वाचं, तर २०२१ या एका वर्षात फ्लोरिडात अकराशेहून जास्त मॅनटी मेल्या. राज्याच्या पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये पाणी घाण होऊन समुद्रगवत संपलं आणि कित्येक जनावरं थंडीत उपाशी राहिली. तेव्हा सरकारनं त्यांना लेट्यूसची पानं टाकली. दुष्काळात छावणी उघडावी तसं. रोज अंगाच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के ओला चारा लागणाऱ्या जनावराला छावणी किती पुरणार?

तिसरा दिवस: पाण्यात

पहाटे सहाला धक्क्यावर. हवा चार अंश, पाणी बावीस, त्यामुळे सगळ्या जलाशयावर वाफ. पौष महिन्यात पंचगंगा घाटावर पोहायला जाणाऱ्यांना हे दृश्य नवीन नाही. देवळांच्या जागी इथे सरू आणि ताडाची झाडं, एवढाच फरक.

बोटीत चढण्याआधी एक छोटी चित्रफीत सक्तीने दाखवतात. पाठलाग करायचा नाही, हात लावायचा नाही, खायला किंवा पाणी द्यायचं नाही, निजलेलीला उठवायचं नाही, आई आणि पिल्लाच्या मध्ये जायचं नाही. आमच्याबरोबरची वाटाडी मुलगी म्हणाली, "तुम्ही फक्त तरंगा. यायचं की नाही ते त्या ठरवतील." छातीखाली धरायला तिने फोमची लांब नळी दिली. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलत, त्या डब्याची आठवण झाली.

मुखवटा लावून तोंड पाण्यात घातलं. दहा मिनिटं नुसतं हिरवट धुकं. मग त्या धुक्याचा एक भाग सरकू लागला. ती भिंत नव्हती, कूस होती. माझ्यापासून दोन हातांवरून ती मॅनटी गेली आणि मला पाण्याचा धक्कासुद्धा जाणवला नाही. एवढ्या वजनाची म्हैस पाण्यात उतरली तर काठापर्यंत पाणी हलतं. इथे नुसता दाब आला आणि गेला, अंगावरून शाल ओढावी तसा.

आणि मग पिल्लू आलं. सरळ माझ्या समोर थांबलं. मी हात छातीशी घट्ट धरले. त्यानं आधी नळीचं टोक हुंगलं म्हणावं, तर पाण्याखाली हुंगणार कुठून, नाकपुड्या मिटलेल्या. त्यानं ते ओठांनी वाचलं. वरचा ओठ मधून दुभागलेला, दोन्ही भाग वेगवेगळे हलतात, आणि त्यातून जाड राठ केस बाहेर येतात, आत जातात, बाहेर येतात. बोटांनी धान्य निवडावं तसं. मग नळी सोडून ते माझ्या हातमोज्याकडे वळलं आणि गव्हाची कुसळं घासावीत तसा स्पर्श झाला. तीन-चार सेकंद असेल. मी गाभण जनावराच्या पोटात हात घालून आतल्या वासराचं खूर चाचपायचो, ते नेमकं असंच. दाबायचं नाही, ओढायचं नाही, फक्त ओळख पटवून घ्यायची. या वेळी चाचपला गेलो तो मी.

तेवढ्यात ओल्या काचेवर बोट फिरवल्यासारखा बारीक 'चीं' आवाज पाण्यातून आला आणि पिल्लू वळलं. आई बोलवत होती. ते तिच्या पुढच्या वल्ह्याच्या मागे शिरलं आणि प्यायला लागलं. स्तन बगलेत! दोन्ही बाजूंना एकेक. एवढ्या वर्षांत हजारो कासा तपासल्या, पण बगलेत पिणारं वासरू पहिल्यांदा पाहिलं. ही रचना हत्तिणीशी जुळते, तिचेही स्तन पुढच्या पायांमध्ये. हत्ती हा मॅनटीचा जवळचा नातलग आहेच. वल्ह्याच्या टोकाला तीन-चार नखं स्पष्ट दिसत होती, हत्तीच्या पायाला असतात तशीच.

बोटीत परत आल्यावर सौ. टॉवेलात गुंडाळून बसल्या होत्या. गरम कोको हातात. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी तर पाण्यातच रडलो. तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई, तरी तिला मी हाय ते ठावं हुतं."

जाणाऱ्यांसाठी: पहिली फेरी धरा. आठ-नऊनंतर बोटी वाढतात, पाय मारणाऱ्यांमुळे गाळ उठतो आणि काही दिसत नाही. पोहता येत नसेल तरी चालतं, तरंगता आलं की झालं. साठीच्या पुढच्यांनी जाड पोहण्याचा पोशाख मागून घ्यावा. बावीस अंश ऐकायला बरं वाटतं, पण अर्ध्या तासात दात वाजतात.

चौथा दिवस: थ्री सिस्टर्सचा लाकडी पूल

थ्री सिस्टर्स स्प्रिंग्जमध्येही पोहायची आमची इच्छा होती, पण थंडीमुळे मॅनटींची गर्दी इतकी झाली होती की झरा माणसांसाठी बंद केलेला. भोवतीच्या लाकडी पुलावरून मात्र मनसोक्त बघता येतं. आणि खरं सांगतो, चाल समजून घ्यायची तर वरूनच बघायला हवं.

निळ्या काचेसारखं पाणी, तळाच्या पांढऱ्या वाळूवर शंभरेक करडे देह. मी चार तास तिथून हललो नाही.

पोहणं सगळं शेपटीवर. मॅनटीची शेपटी गोल, सपाट. सौंच्या शब्दांत, "शेपूट न्हवं, उलथनं हाय." मासा शेपूट आडवं हलवतो, ही वरखाली. एक संथ लाट कमरेतून निघते आणि उलथन्यापर्यंत जाते. एरवीचा वेग ताशी पाच ते आठ किलोमीटर, म्हणजे माझ्या सकाळच्या फेरीइतका. घाबरली तर थोडा वेळ चोवीसपर्यंत जाते. पुढची वल्ही वळायला, थांबायला, गवत तोंडाकडे ओढायला, आणि तळावर 'चालायला'. दोन वल्ही आळीपाळीने वाळूवर टेकत ती पुढे सरकते तेव्हा तिच्यातला हत्ती दिसतो.

मान वळत नाही. गाय, उंदीर, जिराफ, माणूस, सगळ्यांच्या मानेत सात मणके. कॉलेजात पहिल्या वर्षी घोकलेलं वाक्य. मॅनटीच्या मानेत सहा. मागे बघायचं तर ती सगळीच्या सगळी वळते, बैलगाडी वळवावी तशी.

पण मला खिळवून ठेवलं ते तिच्या वर येण्यानं. तळाशी निजलेली मॅनटी शेपूट न हलवता, वल्हं न हलवता, अलगद वर येते, श्वास घेते आणि तशीच खाली बसते. कसं? फुप्फुसं आपल्यासारखी छातीत उभी नसतात. पाठीच्या कण्याखाली लांबच्या लांब आडवी पसरलेली, आणि प्रत्येकाला स्वतंत्र पडदा. त्यामुळे हवेची पिशवी सगळ्या अंगाखांद्यावर सारखी वाटली जाते आणि देह आडवाच वर येतो. खाली जायला वजन हवं, ते हाडांत आहे. बरगड्या भरीव, मगजाची पोकळी नाही. एका अंगाला फुगा, दुसऱ्या अंगाला दगड, आणि त्यांचा तोल ही जन्मभर सांभाळते.

याच रचनेचा घातही होतो. फुप्फुसं पाठीलगत, आणि बोट आदळते ती पाठीवर. भरीव बरगडी वाकत नाही, मोडते, आणि टोक आत घुसतं. पुलाखालच्या दर दोन-तीन मॅनटींमागे एकीच्या पाठीवर पंख्याच्या पात्यांचे पांढरे समांतर वण होते. अभ्यासक त्या वणांवरूनच त्यांना ओळखतात, नोंद ठेवतात. जुवानं सोललेल्या बैलाच्या खांद्याला मी किती वेळा मलम लावलं असेल, पण वण हीच ओळख व्हावी याचं वाईट वाटत राहिलं. हळू चालवा अशा पाट्या जलाशयात जागोजागी आहेत. परतताना आमच्या बोटवाल्याने त्या तंतोतंत पाळल्या, त्याचे मी उतरताना हात धरून आभार मानले.

पाचवा दिवस: ब्लू स्प्रिंग, काळ्या पाण्याच्या काठी

शेवटचा लांबचा फेरा ऑरेंज सिटीजवळच्या ब्लू स्प्रिंग उद्यानात. इथे १९७० मध्ये अभ्यास सुरू झाला तेव्हा चौदा मॅनटी मोजल्या होत्या. आता थंडीत शेकड्यांनी येतात. हिवाळ्यात माणसांना पाण्यात उतरायला पूर्ण बंदी आहे, आणि ते योग्यच वाटलं.

झऱ्याचा प्रवाह स्वच्छ आहे. पण तो ज्या सेंट जॉन्स नदीला मिळतो तिचं पाणी कुजलेल्या पानांच्या अर्कानं कडक चहासारखं काळं. संगमावर दोन्ही रंगांची रेघ दिसते. मॅनटी त्या रेघेपलीकडे जाते आणि नाहीशी होते. चरायला त्याच काळोखात जायचं, तिथून परत हा झरा शोधायचा. डोळे बारीक, निळा आणि हिरवा एवढेच रंग ओळखणारे. वटवाघूळ किंवा डॉल्फिनसारखा आवाजाचा प्रतिध्वनी वापरत नाही. कान चांगले आहेत, पण काळोखात गवताची काडी आवाज करत नाही.

उत्तर कातडीवर आहे. फ्लोरिडा विद्यापीठाचे रॉजर रीप यांनी सहकाऱ्यांबरोबर मॅनटीचे केस अभ्यासले. चेहऱ्यावर सुमारे दोन हजार आणि उरलेल्या अंगावर तीनेक हजार, दोन-चार सेंटीमीटरवर एकेक. मांजराच्या मिशीच्या मुळाशी रक्ताची बारीक पिशवी आणि तिच्याभोवती मज्जातंतूंचं जाळं असतं. मॅनटीचा प्रत्येक केस तसाच. म्हणजे हे केस ऊबेसाठी नाहीत, सगळ्याच मिशा! माशाच्या कुशीवर एक रेघ असते, तिच्यानं त्याला पाण्याची हालचाल कळते. मॅनटीनं ते काम केसांवर सोपवलं असावं, असं रीप यांचं म्हणणं.

सारासोटाच्या मोट प्रयोगशाळेत ह्यू आणि बफेट या दोन मॅनटींवर वर्षानुवर्षं प्रयोग झाले. डोळे झाकून त्यांच्यासमोर पाण्यात बारीक थरथर निर्माण करायची, आणि कळली की त्यांनी खूण द्यायची. पाण्याचा कण एका मायक्रॉनहूनही कमी हलला तरी त्यांनी ओळखला. चेहऱ्यावर जाळी बसवून केस दाबले, तेव्हा अंदाज कमी पडला. पाण्याची लहर, काठाला आपटून परतणारा प्रवाह, शेजारणीच्या शेपटीची लाट, हे सगळं तिला अंगभर ऐकू येत असणार. परवा सौंकडे न बघता ती कशी वळून गेली, ते इथे कळलं.

कठड्याशी नात उभी होती. तिने डोळे मिटले आणि हवेत हात पसरले. "आजोबा, वारा कुठून येतो ते सांगू?" सांगितलं, आणि बरोबर सांगितलं.

समोर काठालगत जलपर्णी तरंगत होती, आणि एक मॅनटी ती ओठांनी ओढून खात होती. मागच्या दाढा पुढे सरकत येतात, पुढची झिजून पडते, मागून नवी उगवते, मरेपर्यंत. इचलकरंजीजवळ पंचगंगेवर माजलेली जलपर्णी आठवून सौ. म्हणाल्या, "एक जोडी आपल्याकडं असती तर!" आपल्याकडे नदीत नाही, पण समुद्रात तिची बहीण आहे. डुगाँग, शेपूट गोल नाही, दुभंगलेली. कच्छच्या आखातात, अंदमानात, आणि तमिळनाडूच्या पाल्कच्या उपसागरात, जिथे २०२२ मध्ये तिच्यासाठी राखीव क्षेत्र जाहीर झालं. पुढचा प्रवास तिकडे करायचा, असं तिथेच ठरलं.

जाणाऱ्यांसाठी: ब्लू स्प्रिंगला शनिवार-रविवार टाळा. गाड्यांची जागा भरली की फाटक बंद करतात. सकाळी आठला दारात हवं.

परत

कोल्हापुरात उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी कट्टा गाठला. स्नेह्यांनी पहिला प्रश्न टाकला, "दूध किती देती?" मी बगलेचं सांगितलं तर भोवतीचे चार-पाच जण बादल्या ठेवून जवळ आले. तेरा महिने गाभण राहते, एकच पिल्लू, दोन वर्षं आईजवळ. कुणी म्हणालं, "दोन वर्सं? लई माया."

मग मी त्यांच्या म्हशीच्या नाकपुडीलगतचे विरळ, लांब केस दाखवले. म्हटलं, हिच्याही आहेत की, तोंडाशी तेवढ्याच. दावणीत अंधारात वैरण ह्यांच्यानंच शोधते. स्नेह्यांनी डोळे मिटून बोटाचं टोक एका केसाला हळूच लावलं. म्हशीचा सगळा ओठ थरथरला.

"दिवाळीत पाडव्याला म्हशी भादरतो न्हवं," ते म्हणाले, "तवा पोरगं तोंडावरचं समदं साफ करतंय, सुबक दिसतंय म्हणून." थोडा वेळ केस निरखत राहिले. "यंदा ह्ये ऱ्हाऊ द्यायला सांगतो."